लाल पेटते, निळी पेटत नाही, बटण कायम चालू: ब्रेडबोर्डवर नेमकं काय बघायचं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू खानापूर तालुक्यातला, दहावीत आहेस. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ब्रेडबोर्डवर (पाय नुसते भोकात खोचून जोडणी करायचा बोर्ड) एक लाल आणि एक निळी एलईडी बटणाने पेटवायची आहे. बॅटरी नऊ व्होल्टची, चौकोनी. पहिली एलईडी थेट बॅटरीला लावलीस, ती एकदा लख्ख पेटली आणि गेली. मग मित्राच्या सांगण्यावरून एक रेझिस्टर (प्रवाह आवरणारा छोटा भाग) घातलास आणि त्याच्यापुढे लाल-निळी दोन्ही शेजारी शेजारी जोडल्यास. आता लाल पेटते, निळी नाही. बटण दाबलं काय, न दाबलं काय, दिवा चालूच. शिवाय तीच जोडणी बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला केली की काहीच पेटत नाही. तुझा शेवटचा प्रश्न: ‘एलईडी, बटण, बोर्ड सगळं नवीन आणू का?’

आणू नकोस. जळाली ती एक एलईडी सोडली तर तुझं सगळं सामान बहुतेक ठणठणीत आहे. मी बेळगावात उद्यमबागेत मशीनच्या कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. तिथं नवीन आलेली पोरंही हेच करतात. मशीन उठलं नाही की आधी कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा मोठा स्विच) बदल, मग बटण बदल, आणि शेवटी निघतं काय, तर टर्मिनलच्या स्क्रूखाली तांब्याऐवजी वायरचं प्लॅस्टिकच आवळलेलं. वस्तू बदलण्याआधी मोजायचं, एवढी एक सवय आत्ताच लावून घे. तुझ्या तिन्ही तक्रारी मोजून दहा मिनिटांत सुटतील अशा आहेत.

आधी जळालेल्या एलईडीचं. बल्ब आणि एलईडी यांच्यात मोठा फरक आहे. बल्बची तार तापली की तिचा विरोध वाढतो आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. एलईडीला तसा काही आवर नाही. लाल एलईडीवर साधारण १.८ ते २.२ व्होल्ट पडतात. त्याच्यावर थोडं जरी जास्त दिलं तरी प्रवाह सुसाट वाढतो. नेहमीची ५ मिलिमीटरची एलईडी सतत २० मिलिअँपिअरच्या आत ठेवायची असते. तू नऊ व्होल्ट थेट दिलेस, मग ती काय करणार? म्हणून रेझिस्टर. त्याची किंमत काढायला दहावीतला ओहमचा नियम पुरतो, फक्त बॅटरीच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट आधी वजा करायचे. नऊ वजा दोन म्हणजे सात व्होल्ट. १५ मिलिअँपिअर हवेत, म्हणजे ०.०१५ ने भागायचं. उत्तर येतं ४६७. बाजारात जवळचा मिळतो ४७० ओहमचा, तोच घ्यायचा. त्यात सुमारे ०.१ वॅट उष्णता तयार होते, त्यामुळे नेहमीचा पाव वॅटचा रेझिस्टर आरामात चालतो. निळीवर ३ व्होल्टच्या वर पडतात, म्हणून त्याच ४७० मधून तिला साडेबारा मिलिअँपिअरच्या आसपास मिळतात. चालतं. उजेडात काही फरक जाणवत नाही.

४७० चे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी. इथं तिसरा पट्टा नीट बघ. तपकिरीच्या जागी काळा असेल तर तो ४७ ओहमचा, एलईडी गेलीच म्हणून समज. लाल असेल तर ४७०० चा, एलईडी मिणमिणती पेटेल. ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि लाल भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. हल्ली निळ्या अंगाचे, पाच पट्ट्यांचे रेझिस्टरही सर्रास मिळतात, त्यांचा हिशोब वेगळा. पट्ट्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा मल्टिमीटरला (व्होल्ट, ओहम मोजायच्या मीटरला) लावून बघावं, हे बरं.

आता निळी का पेटत नाही ते. तू दोघींना मिळून एकच रेझिस्टर दिलास. लाल पेटली की तिच्या दोन पायांमध्ये दोनच व्होल्ट राहतात. निळी तिला समांतर जोडलेली, म्हणजे तिच्याही वाट्याला तेच दोन व्होल्ट. तिला पेटायला तीन लागतात. पटत नसेल तर बटण दाबून ठेव आणि लाल एलईडी उपटून काढ. त्याच क्षणी निळी पेटेल. उपाय सोपा आहे: प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. एकाच रंगाच्या दोन एलईडी असल्या तरी हा नियम मोडू नये, कारण एकाच पाकिटातल्या दोन एलईडीसुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. एक जास्त प्रवाह ओढते, दुसरी मंद राहते. दोन रुपयाच्या रेझिस्टरमध्ये कंजुषी कशाला? एकच रेझिस्टर वापरायचा असेल तर एलईडी एकामागे एक, माळेत जोडाव्यात. तीन लाल माळेत लावल्या तर सहा व्होल्ट त्यांच्यात जातात, उरतात तीन, आणि २२० ओहम पुरतो. चार निळ्या मात्र नऊ व्होल्टवर माळेत पेटणारच नाहीत, बेरीज बाराच्या वर जाते.

बोर्डाकडे येऊ. तुझ्याकडचा ८३० भोकांचा लांब बोर्ड असावा. तो आडवा ठेव, १ ते ६३ आकडे डावीकडून उजवीकडे. प्रत्येक आकड्याखाली पाच भोकांची एक उभी पट्टी आतून जोडलेली असते. मग मधली खाच. खाचेपलीकडे पुन्हा पाच भोकांची दुसरी पट्टी. खाचेच्या वरची १० नंबरची पट्टी आणि खालची १० नंबरची पट्टी यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. वर आणि खाली कडेने ज्या लांब आडव्या ओळी आहेत, लाल आणि निळ्या रेघांच्या, त्या बॅटरीसाठी: लाल अधिक, निळी उणे. त्यातली गोम अशी की बऱ्याच लांब बोर्डांवर या ओळी मध्यावर तुटलेल्या असतात. छापलेली रेघ मधे खंडित दिसते का बघ. काही बोर्डांवर रेघ अखंड छापलेली असते आणि आतली पट्टी तरीही तुटलेली असते. तुझी ‘दुसऱ्या टोकाला काहीच पेटत नाही’ ही तक्रार इथूनच आली आहे. मधे एक छोटी वायर टाकून दोन तुकडे जोड. वरची निळी ओळ आणि खालची निळी ओळसुद्धा आपोआप जोडलेल्या नसतात, हेही ध्यानात ठेव.

बटण. चार पायांचं छोटं चौकोनी बटण असतं ते. चार पाय म्हणजे चार वेगळी टोकं असं वाटतं, पण ती दोनच आहेत. प्रत्येक टोकाला दोन पाय दिलेले. बटण खाचेवर आडवं बसवलं की दोन पाय वर, दोन पाय खाली जातात. समज ते १० आणि १२ नंबरवर बसलं. वरचा १० आणि खालचा १० हे बटणाच्या आत कायमचे जोडलेले. वरचा १२ आणि खालचा १२ हेही तसेच. दाबल्यावर जुळतात ते १० आणि १२. तू बॅटरीची वायर वरच्या १० ला दिलीस आणि एलईडीकडे जाणारी खालच्या १० वरून घेतलीस, हे तुझ्या वर्णनावरून दिसतं. मग बटणाला काही कामच उरलं नाही. बटण फिरवून बसलंय की सरळ, हे लक्षात राहत नसेल तर नेहमी तिरके दोन पाय घ्यावेत, वरचा १० आणि खालचा १२. बटण कसंही बसलेलं असो, तिरके पाय दाबल्याशिवाय जुळत नाहीत. मी नवीन पोरांना एवढंच सांगतो, आकृती काढत बसत नाही.

आता सगळं उपटून टाक आणि नव्याने जोड. बॅटरी अजून लावायची नाही. बटण खाचेवर १० आणि १२ वर. वरच्या लाल ओळीतून एक वायर वरच्या १० ला. वरच्या १२ मधून ४७० चा रेझिस्टर वरच्या २० ला. लाल एलईडीचा लांब पाय वरच्या २० मध्ये, आखूड पाय वरच्या २२ मध्ये. वरच्या २२ मधून वायर वरच्या निळ्या ओळीला. झाली लाल. निळी खालच्या अर्ध्यात लाव: खालच्या १२ मधून दुसरा ४७० खालच्या २० ला, तिथं निळीचा लांब पाय, आखूड पाय खालच्या २२ ला, आणि तिथून खालच्या निळ्या ओळीत. शेवटी वरची निळी ओळ आणि खालची निळी ओळ एका लांब वायरने जोड. बघ, जे दोन पाय बटणाच्या आत कायम जोडलेले होते आणि तुला त्रास देत होते, त्याच १२ च्या जोडीचा इथं आपण फायदा घेतला.

बॅटरी लावण्याआधी बोटाने वाट धर: लाल ओळ, १०, बटण, १२, रेझिस्टर, २०, एलईडी, २२, निळी ओळ. मधे कुठंही बोट उचलावं लागलं तर तिथं जोडणी तुटलेली आहे. रेझिस्टर किंवा एलईडी न लागता बोट लालवरून निळीवर पोहोचलं तर शॉर्ट आहे. एलईडीचा आखूड पाय उणेचा; पाय कापलेले असतील तर तिच्या खालच्या कडेला एका बाजूला सपाट भाग असतो, तो उणे. रेझिस्टर एलईडीच्या आधी असो की नंतर, प्रवाह तेवढाच. बटणाचंही तसंच. घरात वायरमन काका सांगतात की स्विच फेजमध्येच हवा, ते शंभर टक्के खरं; २३० व्होल्टला न्यूट्रल तोडला तर दिवा बंद दिसतो आणि होल्डर जिवंत राहतो. नऊ व्होल्टवर तो धोका नाही, तरी सवय म्हणून बटण अधिकच्या बाजूला ठेव. आणि ब्रेडबोर्डला घरच्या लाईनच्या जवळपाससुद्धा न्यायचं नाही.

एवढं करूनही पेटली नाही तर दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर काढ. शाळेच्या प्रयोगशाळेत नसेल तर गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे नक्की असतो. नॉब डीसी २० व्होल्टवर, काळी पिन निळ्या ओळीला टेकवून ठेव, बटण दाबून धर आणि लाल पिनने वाटेवर एकेक ठिकाणी टेक. लाल ओळीवर नऊच्या आसपास दिसायला हवेत. १० वर नऊ, १२ वर नऊ, २० वर दोनच्या आसपास (निळीच्या वाटेवर तीनच्या), २२ वर शून्य. असं आलं तर एलईडी पेटलेलीच असणार.

जिथं आकडा चुकतो तिथंच खोट. १० वर नऊ आणि दाबूनही १२ वर शून्य, तर बटण चुकीचं बसलंय किंवा पाय भोकात गेला नाही, शेजारी वाकलाय. १२ वर नऊ आणि २० वर शून्य, तर रेझिस्टरचा पाय सुटलाय. २० वर दोनऐवजी नऊ दिसतात आणि २२ वर शून्य, तर एलईडी उलटी आहे किंवा आतून तुटलेली. उलटी करून बघ. फार वेळ उलटी ठेवू नकोस, बहुतेक एलईडी उलट्या दिशेने पाचच व्होल्ट सोसतात. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे २२ वर सात-आठ व्होल्ट दिसणं. मुलं म्हणतात, एलईडीच्या पलीकडे व्होल्टेज पोचलंय म्हणजे एलईडी चांगली, मग पेटत का नाही? कारण २२ पासून निळ्या ओळीपर्यंतची वायर सुटलेली असते. तुझा मीटर स्वतःच त्या तुटलेल्या वाटेवरचा पूल झालेला असतो, आणि त्याच्यातून जाणारा प्रवाह एलईडी पेटवायला फारच क्षुल्लक. पॅनेलमध्ये न्यूट्रल सुटला की अगदी हाच खेळ होतो, आणि चांगले जाणते लोकही त्यात तासभर घालवतात. बटण दाबताच बॅटरीवरचेच व्होल्ट नऊवरून पाच-सहावर आले, तर बॅटरी संपलीय किंवा कुठंतरी शॉर्ट आहे.

मीटरवर डायोडचं (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणाऱ्या भागाचं, एलईडी त्यातलीच) चिन्ह असतं. त्या ठिकाणी लाल एलईडी लावली की ती अंधुक पेटते आणि चांगली-वाईट लगेच कळते. निळी तिथं पेटेलच असं नाही. स्वस्त मीटर त्या चाचणीत तीन व्होल्टसुद्धा देत नाहीत. तेव्हा निळीला त्यावरून बाद ठरवू नकोस. आणि लाल पिन १० अँपिअरच्या भोकात खुपसून बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावायची नाही, तो सरळ शॉर्ट असतो.

तुमच्याकडची एक वेगळी अडचण सांगतो. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातल्या पावसात चार महिने सगळं दमट असतं. दप्तरात किंवा कपाटात पडून राहिलेल्या रेझिस्टरचे पाय काळपट होतात, बोर्डातल्या पत्र्याच्या पकडीवरही थर बसतो. मग रेझिस्टरचा पाय बोटाने दाबून धरला की पेटतं, सोडला की जातं. पाय ब्लेडने हलके खरवडून घे, आणि पाच भोकांतलं एक दाद देत नसेल तर शेजारचं वापर. रेझिस्टर कागदी पट्टीवर चिकटवलेले येतात. ते ओढून काढू नकोस, पट्टीजवळ कापून काढ. ओढला तर पायाच्या टोकाला डिंक राहतो, तो भोकात जातो आणि ते भोक कायमचं कटकटीचं होतं.

वायर म्हणून घरातली बारीक तारांची मऊ वायर वापरू नकोस, तिचा एखादा केस वाकून शेजारच्या भोकात जातो. एकाच तारेची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची हवी. इंटरनेटची केबल ओढायला माणूस येतो तेव्हा जे तुकडे टाकून जातो, ते उचलून ठेव. बहुतेक त्यात एकेरी तारेच्या आठ रंगीत वायरी निघतात आणि ब्रेडबोर्डात मापात बसतात. टोकाला सात-आठ मिलिमीटर सोल. जास्त सोललं तर उघडी तार दुसऱ्याला टेकते. जाड पाय असलेला मोठा डायोड मात्र भोकात ठोकून बसवू नकोस, पकड फाकते आणि नंतर बारीक पाय त्यात धरतच नाहीत.

हे चाललं की प्रदर्शनात नुसतं ‘बटण दाबा, दिवा बघा’ यावर थांबू नकोस. दोन बटणं एकामागे एक लाव: दोन्ही दाबली तरच पेटेल. पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर) दोन हात दोन बटणांवर गुंतवून ठेवतात, म्हणजे हात डायखाली, दाबणाऱ्या साच्याखाली, जाऊ नये, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. खऱ्या प्रेसवर एवढ्यावर भागत नाही, कामगार एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतो म्हणून तिथं अशी चलाखी पकडणारा वेगळा सेफ्टी रिले असतो. परीक्षकांनी विचारलं तर हे सांग. बटणं समांतर लावली की कुठलंही दाबलं तरी पेटतं, दोन दारांना मिळून एक बेल असते तसं.

त्याहून चांगलं म्हणजे जिन्याची जोडणी, एकच दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून चालू-बंद करायची. तीन पायांचे दोन छोटे सरकते स्विच घे, भोकात बसतील असे. मधला पाय सामाईक, कडेचे दोन आलटूनपालटून. लाल ओळ पहिल्याच्या मधल्या पायाला. पहिल्याचे कडेचे दोन पाय दुसऱ्याच्या कडेच्या दोन पायांना दोन वायरींनी. दुसऱ्याच्या मधल्या पायातून रेझिस्टर आणि एलईडी. आता कुठलाही स्विच सरकवला की स्थिती उलटते. बघायला येणारे निम्मे पालक घरी हे रोज वापरतात, पण आत काय होतं ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. पाच मिनिटं नक्की थांबतील. फक्त स्विचचे तिन्ही पाय तीन वेगळ्या पट्ट्यांत जायला हवेत. स्विच उभा बसवलास तर तिन्ही एकाच पट्टीत जातात आणि तो कायमचा शॉर्ट होतो.

ट्रान्झिस्टरचं (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाचं) तू विचारलं नाहीस, पण पुढची पायरी तीच. बीसी ५४७ घे, सपाट बाजू स्वतःकडे धर: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर निळ्या ओळीला. लाल ओळीतून रेझिस्टर, मग एलईडी, आणि एलईडीचा आखूड पाय कलेक्टरला. बेसला ४७०० ओहमचा रेझिस्टर लावून त्याचं दुसरं टोक बटणातून लाल ओळीला. बेसमध्ये दोन मिलिअँपिअरसुद्धा जात नाहीत आणि एलईडी मात्र पूर्ण पेटते. बेसचा रेझिस्टर विसरलास तर ट्रान्झिस्टर गेला. हा १०० मिलिअँपिअरपर्यंतचाच गडी आहे. गणपतीत लावतात त्या बारा व्होल्टच्या लांब पट्ट्या त्याच्यावर चालवू नकोस.

प्रदर्शन दिवसभर चालणार असेल तर नऊ व्होल्टची स्वस्त बॅटरी दुपारपर्यंत मान टाकू शकते. जुन्या मोबाइल चार्जरचे पाच व्होल्ट वापर. तेव्हा लालला २२० आणि निळीला १५० ओहम घाल. चार्जरची वायर कापून लाल-काळी काढणार असशील तर आधी मीटरने अधिक-उणे बघून घे, सगळ्याच केबलींत रंग पाळलेले नसतात. आणि बोर्ड बसमधून नेणार असशील तर एलईडी-रेझिस्टरचे पाय आखूड कापून सगळं बोर्डाला चिकटून बसव, बटण एकदा घट्ट दाबून घे, आणि दोन जादा एलईडी, दोन ४७० चे, एक २२० चा आणि एक १५० चा खिशात ठेव.